टंच

डावं पाऊल सुजलेलं, तोरडी मांसात रुतलेली.
सातपुते सिस्टरांनी कात्री मागितली
तसा बाप पुढं झाला. थांबा, मी काढतो,
मीच घातलीया.
खिशातल्या चिमट्यानं कडी उकलली, सोडवली,
आणि पाकिटात टाकण्याआधी
तळहातावर तोलून पाहिली. सवयीनं.

सन्मती जिनपाल मगदूम. वय तीन. हुपरी.
बारा किलो नऊशे.
मांडीवर गळू. दोन दिवस घरात पोटीस,
एक दिवस गावातलं इंजेक्शन,
आज संध्याकाळी आईला ओळखेना झाली.

थोरल्या दवाखान्यात रात्रीचे अडीच.
माझ्यापुढं एक तक्ता आहे, झेरॉक्सची झेरॉक्स,
त्यातला आठ तीनसारखा दिसतो.
नाडी एकशे अडुसष्ट, दोन गुण.
श्वास अठ्ठावन्न, दोन.
प्लेटलेट बहात्तर हजार, एक.
लॅक्टेटची चौकट रिकामी; लॅब फोन उचलत नाही.
या परीक्षेत जास्त गुण पडले
की पोर नापास होतं.

छातीच्या हाडावर अंगठा ठेवते.
पाच मोजून उचलते.
पांढरा ठसा, माझ्याच अंगठ्याएवढा.
एक.
दोन.
तीन.
चाराला कडेनं थोडं रक्त येतं.
आणखी दोन गुण.

बेरीज करायला वेळ लागत नाही.
बेरजेखाली एक ओळ असते, तिथं टक्के.

बाप दारात. चपला हातात.
मॅडम, किती?
त्याला काय विचारायचं आहे ते मला कळतं,
तरी मी म्हणते, कशाचं किती?
तो म्हणतो, आमी टंच काढतो चांदीचा.
लगडीची एक कपची घेतली
की सगळ्या लगडीचं कळतंय.
तुमी रगत घेतलंसा की मगाशी.

मी म्हणते, अशी शंभर मुलं आली
तर बावीस जात असतील.
तो बराच वेळ गप्प.
मग विचारतो, ती शंभर कुठली?

हे मला कुणी विचारलं नव्हतं. ना तोंडी परीक्षेत,
ना सरांनी राउंडला.
ती शंभर कुठली तरी, दुसऱ्या शहरातली,
जिथं प्रत्येक खाटेला व्हेंटिलेटर असेल,
लॅबचा फोन पहिल्या रिंगला उचलत असतील.
आमच्याकडं दोन. एक सकाळपासून अडकलेला,
दुसऱ्याची नळी चिकटपट्टीवर तगून.
पोटिसाला तक्त्यात रकाना नाही.
चिमट्यालाही नाही.

खरं सांगायचं तर
हिची बावीस टक्के कधीच मरणार नाही.
मरेल तर सगळी. राहील तर सगळी.
हे मी त्याला सांगत नाही.
सांगते ते एवढंच: दुसरं अँटिबायोटिक सुरू केलंय,
सलाईन जातंय, लघवी मोजतोय,
गळू उघडायला सर्जन येतायत.

तो मान हलवतो. म्हणतो,
अठ्ठ्याहत्तर टंचाचा माल आमी टाकून देत न्हाई.

हसावं की काय करावं, कळेना.
सिस्टर पाठमोऱ्या होऊन
ड्रिपचे थेंब मोजत राहिल्या,
एकदा मोजलेले परत.

पाचला खिडकी उघडली.
गंगावेशीकडून कोणी दुधाच्या किटल्या नेत होतं,
झाकणांचा आवाज वरपर्यंत.
सन्मतीची आई बाकावर बसल्या बसल्या झोपलेली,
मुठीत ते पाकीट.
सर्जन येऊन गेले. वाटीभर पू निघाला.
लॅक्टेट आलं, तीनच्या पुढं, चारच्या आत.
आता ते कुठल्या चौकटीत लिहू,
रात्रीच्या की सकाळच्या?
तक्ता एकदाच भरायचा असतो, आल्याबरोबर.
नंतरच्या तासांना त्यात जागा नाही.
खाली एकच ओळ उरते, तिसाव्या दिवसाची,
तिथं दोन चौकोन, एकात खूण करायची.

मी कागद घडी करून ॲप्रनच्या खिशात घालते.
तिच्यापाशी जाते.
अंगठा ठेवते. पाच. उचलते.
एक.
दोन.
तीन म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात
तिनं पाय हलवला, डावा, मोकळा,
आणि माझी मोजणी चुकली.

पुन्हा ठेवते.